आधी मुलांच्या खात्यावरचे जन्मवर्ष खरे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. तेव्हापासून आपल्याकडेही असाच कायदा हवा, असा सूर पालकसभांमध्ये आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर वारंवार ऐकू येतो. कायदा यावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. पण कायद्याची वाट न पाहता आज संध्याकाळी घरोघरी करता येईल अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. मुलांच्या खात्यांवरचे जन्मवर्ष खोटे असते. ते खोटे वर्ष बहुतेकदा घरातल्याच मोठ्या माणसाच्या मोबाईल नंबरवर, त्याच्याच ओटीपीने पक्के झालेले असते. आम्ही काही जण शाळांत संगणक शिकवतो, काही जण मोबाईलची विक्री आणि दुरुस्ती करतो. हे नेमके कसे होते, त्याने काय बिघडते आणि ते कसे सुधारायचे, हे आपल्या वाचकांसाठी सविस्तर लिहीत आहोत.

इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट, व्हॉट्सॲप या सगळ्यांच्या अटींत किमान वय १३ आहे. हा आकडा मानसशास्त्रातून आलेला नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करायची असेल तर पालकांची संमती घ्या, असे तो सांगतो. संमती घेण्याची कटकट नको म्हणून कंपन्यांनी १३ खालच्यांना प्रवेशच नाही असे लिहून टाकले. म्हणजे तेरावे वरीस सरले की मूल या जगासाठी तयार झाले, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. आपल्याकडचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ तर १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालकच मानतो.

खाते उघडताना ॲप जन्मतारीख विचारते आणि मूल जे भरेल ते मानून घेते. खरी तारीख भरून नकार आला, की मूल मागे जाऊन वर्षाचे चाक खाली ओढते आणि हाताला लागेल त्या वर्षावर थांबते. २००० किंवा त्याच्या आसपासचे वर्ष आणि १ जानेवारी ही तारीख मुलांच्या खात्यांवर इतकी दिसते, की ती पाहिली तरी शंका यावी. वय थोडेसेच वाढवून १३ किंवा १४ लावणारी मुले थोडी. बहुतेक जण थेट १८ च्या पुढे जातात, कारण त्याखाली काही गोष्टी अडवल्या जातात हे त्यांना मित्रांकडून कळलेले असते. ब्रिटनच्या ऑफकॉम या नियामक संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, समाजमाध्यमांवर स्वतःचे प्रोफाइल असलेल्या ८ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांचे खात्यावरचे वय १८ किंवा त्याहून अधिक आढळले होते.

खरे नुकसान इथून सुरू होते. २०१४ मध्ये जन्मलेली मुलगी २०२५ मध्ये, म्हणजे ११व्या वर्षी, खाते उघडते आणि २००६ निवडते. कंपनीच्या नोंदीत ती त्याच दिवशी १९ वर्षांची होते. २०२७ मध्ये ती खरोखर १३ वर्षांची होईल, नियमाने पात्र होईल, तेव्हा तिचे खाते २१ वर्षांचे असेल. घरच्यांना वाटते, आता वय झाले, प्रश्न मिटला. प्रश्न तसाच राहतो, कारण मुलगी वाढते तसे खोटे वयही पुढे सरकते आणि मधले आठ वर्षांचे अंतर कधीच भरून येत नाही.

त्या आठ वर्षांची किंमत काय? इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये काही देशांत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी वेगळी खाती सुरू केली. अशा खात्यात प्रोफाइल आपोआप खासगी राहते. ज्यांना मूल स्वतः फॉलो करते किंवा ज्यांच्याशी ते आधीच जोडलेले आहे, त्यांचेच संदेश येतात. भडक मजकूर कमी दाखवला जातो. तासाभराच्या वापरानंतर ॲप बंद करण्याची आठवण दिली जाते आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. १६ खालच्या मुलाला यातले काही सैल करायचे असेल तर पालकांची परवानगी लागते. या सोयी पुरेशा आहेत असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या खात्यावर वय १९ लिहिले आहे, त्याला त्या आपोआप मिळत नाहीत. सातवीतली मुलगी शाळेच्या गणवेशात रील टाकते, मागे शाळेची पाटी दिसते, क्लास सुटण्याची वेळ बोलण्यात येते आणि कॉलेज रोडपासून परदेशापर्यंत कोणीही तिला थेट निरोप पाठवू शकतो. कंपनीच्या लेखी ती सज्ञान बाई आहे.

हा प्रश्न फक्त शहराचा आहे असे समजू नये. ‘असर २०२४’ या ग्रामीण भारताच्या शैक्षणिक पाहणीनुसार १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेले त्यांच्यात ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. आणि समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी प्रोफाइल खासगी कशी करायची हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होते. निफाड, दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात आईवडील दिवसभर बागेत असतात. सातपूर-अंबडला पाळीच्या नोकरीमुळे घरात कोणी ना कोणी झोपलेले असते. फोन मुलांच्या हातात जातो, त्यात पालकांचा निष्काळजीपणा आहे असे आम्हाला वाटत नाही.

मुले वाट कशी काढतात, हे आता स्पष्ट लिहितो. ज्याला वाट काढायची आहे त्याला हे सगळे आधीच माहीत असते. माहीत नसते ते पालकांना.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा नंबर आजी-आजोबांचा. आजोबांकडे कीपॅडचा साधा फोन असतो, त्या नंबरवर व्हॉट्सॲप नसते, म्हणून तो मोकळा असतो. आईचा नंबर वापरला तर आईचे व्हॉट्सॲप बंद पडेल आणि लगेच कळेल, हे मुलांना नीट समजते. आजोबांच्या फोनवर एसएमएस येतो, नातवंड ‘जरा फोन द्या’ म्हणते, सहा आकडे वाचते, संदेश पुसते. घरातला जुना, ड्रॉवरमध्ये पडलेला फोन वाय-फायवर चालतो, त्याला सिमही लागत नाही. दुसरा मार्ग मोठ्या मामेभावाचा किंवा आतेबहिणीचा. खाते त्यांनी उघडून द्यायचे, पासवर्ड लहानग्याला द्यायचा. मोबाईलवरच्या खेळांतही हेच चालते. पालकाच्या नंबरवर ओटीपी मागितला, तरी तो नंबर खरोखर पालकाचा आहे का, हे खेळाला कळत नाही.

एकच खाते पाहून समाधान मानू नये. इन्स्टाग्रामवर एकाच ॲपमध्ये पाच खाती ठेवता येतात. एक नातेवाइकांना दाखवायचे, दुसरे मित्रांसाठी. उजव्या कोपऱ्यात खाली असलेल्या प्रोफाइलच्या गोल चित्रावर बोट दाबून धरले की त्या फोनवर जोडलेली खाती दिसतात. ॲपच दिसत नसेल तर प्ले स्टोअरमध्ये वरच्या चित्रावर जाऊन ‘मॅनेज ॲप्स’मध्ये ‘नॉट इन्स्टॉल्ड’ची यादी काढा. पूर्वी त्या गूगल खात्यावर उतरवून नंतर काढलेली ॲप्स तिथे सापडतात. दुपारी ॲप घ्यायचे आणि घरचे यायच्या आत काढून टाकायचे, ही पद्धत त्या यादीत उघडी पडते.

मग फोनमधलीच सोय: एकाच ॲपची दुसरी प्रत काढायची किंवा वेगळा कप्पा करायचा. शाओमीच्या फोनमध्ये ‘ड्युअल ॲप्स’ आणि ‘सेकंड स्पेस’ असते, सॅमसंगमध्ये ‘ड्युअल मेसेंजर’ आणि ‘सिक्युअर फोल्डर’, विवोत ‘ॲप क्लोन’, ओप्पो-रिअलमीत ‘ॲप क्लोनर’. ओप्पो आणि रिअलमीच्या बऱ्याच फोनमध्ये ॲप असे लपवता येते, की ते यादीत कुठेच दिसत नाही. कॉल लावायच्या कीपॅडवर चौकट चिन्ह, ठरलेला आकडा आणि पुन्हा चौकट चिन्ह दाबले तरच ते उघडते. अँड्रॉइड १५ पासून ‘प्रायव्हेट स्पेस’ही आली आहे. हे सगळे बँकेची ॲप्स किंवा दोन सिम वापरणाऱ्यांसाठी केलेले आहे, पण ती सेटिंग्ज मुलांना आपल्याआधी सापडतात. पालकांनी सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘क्लोन’, ‘ड्युअल’, ‘हाइड’, ‘स्पेस’ आणि ‘मल्टिपल यूजर्स’ हे शब्द एकेक टाकून पाहावेत. दोन मिनिटांचे काम आहे.

नियंत्रणे लावूनही ती का टिकत नाहीत, याची कारणे ठरलेली आहेत. डिजिटल वेलबीइंगमधला ॲपचा टायमर पालकांना फार आवडतो, पण त्याला पासवर्ड नसतो. ज्याच्या हातात फोन तो टायमर काढू शकतो. प्ले स्टोअरमधल्या पेरेंटल कंट्रोलला पिन असतो. मात्र सेटिंग्जमध्ये जाऊन प्ले स्टोअरचा डेटा पुसला की तो पिनही जातो. इन्स्टाग्रामचे ॲप काढले तरी तेच इन्स्टाग्राम क्रोम या ब्राउझरमध्ये उघडते. घरच्या राउटरवर ते बंद केले तर मूल वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर जाते किंवा शेजारच्या दादाचा हॉटस्पॉट घेते. वेळेचे बंधन फोनच्या घड्याळावर चालत असेल तर घड्याळ मागे नेले जाते. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवली आहे ना, हे म्हणून पाहायचे. पिन जन्मवर्षाचा किंवा गाडीच्या नंबरचा असतो. आणि बोटाचा ठसा. आईच्या फोनमध्ये कोणाकोणाची बोटे नोंदवलेली आहेत, ते सुरक्षा सेटिंगमध्ये मोजून पाहा. फोन नवा असताना ‘मी लावून देतो’ म्हणणाऱ्या मुलाचे बोट त्यात बहुधा सापडेल.

व्हीपीएनचा, म्हणजे आपण कुठून इंटरनेट वापरतो ते लपवणाऱ्या ॲपचा, बोलबाला मोठा आहे, पण वयाची अट चुकवायला आपल्याकडे त्याची गरजच पडत नाही, कारण वय कोणी तपासतच नाही. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून प्रौढ मजकुरासाठी वयाची तपासणी सक्तीची झाली आणि लगेच व्हीपीएनची ॲप्स तिथल्या ॲप स्टोअरच्या यादीत वर गेली. उद्या आपल्याकडे सक्ती आली तर तेच होईल. एवढे लक्षात ठेवावे, की फुकटचे व्हीपीएन म्हणजे मुलाच्या फोनवरची ये-जा अनोळखी कंपनीच्या हवाली करणे. मुलाच्या फोनवर ते दिसले तर कशासाठी घेतले हे विचारावे. बऱ्याचदा शाळेच्या किंवा क्लासच्या वाय-फायवरची बंदी चुकवण्यासाठी घेतलेले असते.

आता दुरुस्ती. आमची पहिली विनंती अशी, की ही तपासणी मुलाला शेजारी बसवून करा आणि खोटे वर्ष सापडले म्हणून पहिल्या वेळी शिक्षा करू नका. फोन हिसकावून घेतला की मूल सुधारत नाही, दुसरे खाते काढते, आणि त्या दुसऱ्या खात्याचा आपल्याला पत्ताही नसतो. पुढे कोणी धमकावले तर ‘मुळात तू खातेच का उघडलेस’ या प्रश्नाच्या भीतीने ते मूल गप्प राहील. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी या गप्प राहण्याची वाटते.

इन्स्टाग्राममध्ये प्रोफाइलवर जाऊन तीन आडव्या रेघांवर बोट ठेवा. अकाउंट्स सेंटर, त्यात पर्सनल डिटेल्स, त्यात बर्थडे. फेसबुक त्याच सेंटरला जोडलेले असेल तर त्याचीही तारीख तिथेच दिसते. मूल १३ ते १७ मधले असेल तर जन्मदाखल्यावरची तारीख भरा. तारीख कितीही वेळा बदलता येत नाही, म्हणून अंदाजाने काही टाकू नका, दाखला समोर ठेवून एकदाच भरा. बदल झाला की खाते किशोरांच्या नियमांत येते. लगेच फॅमिली सेंटरमधून पालकाच्या खात्याशी जोडून घ्या. पालकाला मुलाचे निरोप वाचता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पण ते किती वेळ बसते, कोणाला फॉलो करते आणि अलीकडे कोणाशी बोलले, हे दिसते. १७ चे १९ करायला गेले तर ॲप ओळखपत्र किंवा चेहऱ्याचा व्हिडिओ मागते, त्यामुळे एकदा खरी केलेली तारीख पुन्हा खोटी करणे मुलाला सहज जमत नाही. ही दुरुस्ती टिकते ती त्यामुळेच.

मूल १३ पेक्षा लहान असेल तर खरी तारीख भरल्यावर खाते बंद होईल. ते व्हायलाच हवे, पण त्याआधी अकाउंट्स सेंटरमधूनच माहिती डाउनलोड करून घ्या. सहलीचे, वाढदिवसाचे फोटो मुलाने फक्त तिथेच ठेवलेले असतात आणि ते गेले की विश्वासही जातो. नंतर त्याच सेंटरमधून खाते कायमचे काढण्याची मागणी करा. इथे एक गोष्ट हमखास चुकते. मागणी केल्यावर खाते ३० दिवस निद्रिस्त असते. त्या काळात कोणीही लॉगइन केले तर मागणी रद्द होऊन खाते जसेच्या तसे परत येते. म्हणून मागणी करण्याच्या आधी पासवर्ड बदला, खात्याला जोडलेला ईमेल आणि मोबाईल नंबर आपला करा आणि बाकीच्या सगळ्या फोनवरून लॉगआउट करा. स्नॅपचॅटचेही ३० दिवसांचे असेच आहे. स्नॅपचॅट राहणार असेल तर नकाशावर मुलाचे ठिकाण दिसू नये म्हणून ‘घोस्ट मोड’ चालू करा. व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीत ‘ग्रुप्स’ या ठिकाणी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडले की अनोळखी माणूस मुलाला परस्पर ग्रुपमध्ये ओढू शकत नाही.

या सगळ्याचे मूळ मात्र गूगल खात्यात असते. फोन घेतला त्या दिवशी दुकानात घाईने जीमेल उघडले गेले, तारीख काहीही टाकली, आणि प्ले स्टोअर, यूट्यूब, क्रोम सगळे त्या वयावर चालू लागले. मुलाचा फोन मुलाच्याच खात्यावर हवा. पालकाच्या फोनवर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे ॲप घ्या, त्यातून खऱ्या तारखेने मुलाचे खाते तयार करा आणि मुलाच्या फोनवर तेवढेच खाते ठेवा. आधीचे मोठ्या माणसाच्या नावाचे खाते तिथे राहिले तर मूल त्यावर जाईल आणि सगळे मुसळ केरात. फॅमिली लिंकची संकेतस्थळांची गाळणी क्रोमपुरतीच चालते, म्हणून फोनवरची इतर ब्राउझर बंद करा. ‘अनोळखी स्रोतांवरून ॲप घेणे’ही बंद करा, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेल्या एपीके फाइलमधून ॲप शिरते. यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीचे तीन टप्पे आहेत. पहिला साधारण ९ वर्षांपुढील मुलांसाठी, दुसरा १३ पुढील, तिसऱ्यात प्रौढांसाठीचे सोडून जवळजवळ सगळे. पहिल्यापासून सुरुवात करावी. आयफोनवर हेच काम ‘स्क्रीन टाइम’मध्ये होते. त्याचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवला तरच त्याला अर्थ आहे, आणि ‘खात्यातील बदल’ही तिथूनच बंद करावेत.

सरकार काहीच करत नाही असेही नाही. माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी लागेल, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत, आणि या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. आणि एक उणीव आम्हाला गंभीर वाटते. नियमांसोबत दिलेली उदाहरणे ‘मुलाने आपण बालक असल्याचे सांगितले’ किंवा ‘पालकाने तसे कळवले’ इथून सुरू होतात. पालकाचे वय आणि ओळख डिजिटल लॉकरच्या टोकनने तपासायची सोय त्यात आहे. पण मुलाने आधीच २००६ लिहून ठेवले असेल तर पालकाला विचारण्याची वेळच येत नाही. खोटे जन्मवर्ष नव्या कायद्याचे संरक्षणही मुलापासून दूर ठेवते.

कंपन्यांच्या तांत्रिक उपायांवरही विसंबून राहता येत नाही. चेहऱ्यावरून वय ओळखणारी यंत्रणा काही वर्षांच्या फरकाने चुकते, आणि १२ ते १६ या वयात ती काही वर्षेच तर महत्त्वाची असतात. मिसरूड फुटलेला चौदा वर्षांचा मुलगा तिला मोठा वाटू शकतो, लहान चणीची वीस वर्षांची मुलगी अडकू शकते. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधला आकडा वाचूनही मेटा, म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी, वयाचा अंदाज घेते, असे ती कंपनी सांगते. ओळखपत्र मागितले गेले तर पालकांनी शक्य तिथे फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार वापरावे आणि ते काम सायबर कॅफेतल्या संगणकावरून करू नये. खोट्या वर्षाचा फटका इथेही बसतो. खाते हॅक झाले आणि ओळख पटवायची वेळ आली, तर २००६ दाखवणारा कागद त्या मुलाकडे कुठून येणार?

नाशिकच्या शाळांना आमची एक नम्र विनंती आहे. गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर तो पालकाच्या नंबरवर पाठवावा, आणि प्राथमिकच्या वर्गांसाठी मुलांच्या नंबरचा ग्रुप काढू नये. यूट्यूबवरचा धडा खाते नसतानाही दुव्यावरून पाहता येतो. म्हणून ‘सबस्क्राइब करून स्क्रीनशॉट पाठवा’ असे सांगू नये. नवरात्रात, गणेशोत्सवात वेशभूषा आणि चित्रकला स्पर्धांचे निकाल समाजमाध्यमांवरच्या ‘लाइक’वर ठरवले जातात. मंडळे आणि शाळा दोघांनीही हे थांबवावे. दहा वर्षांच्या मुलाला खाते उघडायला लावणारी ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात निरागस दिसणारी सक्ती आहे. जूनच्या पहिल्या पालकसभेत अर्धा तास काढून सर्वांनी एकत्र बसून जन्मवर्ष तपासले, तर वर्गातल्या वर्गात चित्र बदलेल. एकट्या घराने दुरुस्ती केली की त्या मुलाला ‘फक्त माझेच खाते बंद’ असे वाटते. सगळ्या वर्गाने केली की तसे वाटत नाही. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांनी एक साधे पत्रक काढले तरी हे होऊ शकेल. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याच्या आश्रमशाळांत ते मराठीत आणि छापील स्वरूपात पोचायला हवे, कारण तिथे पालकसभेला येणे अनेकांना जमत नाही.

एमजी रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या मोबाईल विक्रेत्यांनाही सांगणे आहे, आणि आमच्यातले काही जण त्याच व्यवसायातले आहेत. फोन विकताना ‘हा कोण वापरणार?’ एवढे विचारा. मूल वापरणार असेल तर गूगल खाते उघडताना ‘माझ्या मुलासाठी’ हा पर्याय निवडा. पालकाचे जीमेल आणि पासवर्ड आठवत असेल तर हे काम काउंटरवर अर्ध्या तासाच्या आत होते. गिऱ्हाईक घाईत असेल तर दुसऱ्या दिवशी बोलवा, पण १ जानेवारी २००० टाकून फोन हातात देऊ नका.

शेवटी, ज्या घरात प्रकरण पुढे गेले आहे त्यांच्यासाठी. अनोळखी माणूस मुलाला फोटोवरून धमकावत असेल, पैसे किंवा आणखी फोटो मागत असेल, तर काहीही देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट किंवा खाते पुसू नका, पुरावा तिथेच असतो. समोरच्याचे वापरकर्तानाव, प्रोफाइलचा दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मात्र मुलाचा फोटो स्वतः कोणाला पुढे पाठवू नका, नातेवाइकांनाही नाही. मग त्या खात्याची तक्रार ॲपमध्ये करा आणि ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. शहरातल्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा जवळच्या कोणत्याही ठाण्यात जाता येते. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन मूल स्वतःही लावू शकते. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. त्याचा अंकांमधला ठसा फोनवरच तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढतात. आणि तक्रार करायला कचरणाऱ्या पालकांनी हे पक्के लक्षात ठेवावे, की खात्यावर वय १९ लिहिले होते म्हणून मुलाचे संरक्षण कमी होत नाही. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात मूल म्हणजे खरोखर १८ वर्षांखालील व्यक्ती. पोलीस ठाण्यात जाताना जन्मदाखला सोबत न्यावा.

आपले,
शालेय संगणक शिक्षक व मोबाईल व्यावसायिक,
इंदिरानगर, नाशिक